पुढच्या चाकांपाशी होणारा खडखडाट

मोटारीच्या पुढच्या भागातून खडखड ऐकू येऊ लागली की घरोघरी एकच प्रश्न उपस्थित होतो : कोणता भाग बदलावा लागेल आणि त्याला खर्च किती येईल? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याची वेळ अद्याप आलेली नसते. त्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. हा आवाज नेमका केव्हा होतो? गाडी खड्ड्यातून जाताना, ब्रेक लावताना, की वळण घेताना? या साध्या प्रश्नाचे उत्तर ज्याने लक्षपूर्वक मिळविले, त्याने निम्मे निदान घरबसल्या केले असे समजावयास हरकत नाही.

बहुतेक घरी याच्या उलट घडते. आवाज पुढून येतो, म्हणून शॉक अ‍ॅब्सॉर्बर बिघडला असेल असे कोणीतरी सुचवितो. नवी जोडी बसविली जाते. दोन दिवस बरे वाटते आणि तिसऱ्या दिवशी तीच खडखड पुन्हा कानी पडते. मग खालचा आर्म बदलतो, मग स्टिअरिंगच्या रॅकवर संशय येतो. शेवटी असे आढळते, की दोष एका वीतभर लांबीच्या लिंक रॉडमध्ये होता आणि तो या सर्व भागांहून कितीतरी स्वस्त होता. पैसा व्यर्थ गेला तो एक तोटा. परंतु याहून मोठा तोटा संभवतो. आवाजाची सवय होऊन कुटुंब त्याकडे दुर्लक्ष करू लागते, आणि कधीकधी तोच आवाज चाक निखळण्याच्या धोक्याची सूचना असतो. म्हणून या विषयाची थोडी माहिती गाडी चालविणाऱ्यानेच नव्हे, तर गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाने करून घ्यावी.

रचना कशी असते?

सस्पेन्शन म्हणजे चाके आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी लवचीक यंत्रणा. रस्त्याचे धक्के तिने सोसावयाचे आणि चाके मात्र सदैव जमिनीला टेकलेली ठेवावयाची, असे तिचे दुहेरी काम आहे. आपल्या देशात या रचनेची अनेक रूपे होऊन गेली. उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या अ‍ॅम्बॅसडर गाडीच्या पुढच्या चाकांना पीळ सोसणाऱ्या लांब पोलादी कांबींचा आधार असे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटला, जिला पुढे पद्मिनी हे नाव मिळाले, वर-खाली दोन आर्म आणि त्यांच्यामध्ये गुंडाळीची स्प्रिंग असे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तिच्याबरोबर एक निराळी रचना घराघरांत पोहोचली. तिला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याचे नाव तिला मिळाले असून, १९५० साली इंग्लंडमध्ये सादर झालेल्या फोर्डच्या कॉन्सल व झेफर या गाड्यांमुळे ती प्रसिद्धीस आली. आज आपल्याकडील बहुतेक लहान व मध्यम मोटारींच्या पुढच्या चाकांना हीच रचना आहे. म्हणून पुढील विवेचन तिला धरून केले आहे.

मॅकफर्सन रचनेत स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर मिळून एक उभा खांब होतो. हाच स्ट्रट होय. त्याचे वरचे टोक बॉनेटखाली, रबरी माउंटिंग व बेअरिंग यांच्या साहाय्याने सांगाड्याला जोडलेले असते. खालचे टोक चाक धारण करणाऱ्या ओतीव भागाला, म्हणजे नकलला, बोल्टांनी आवळलेले असते. नकलच्या खालच्या बाजूस लोअर आर्म येतो. नकल आणि आर्म यांच्यामधील सांधा म्हणजे बॉल जॉइंट. खांद्याच्या सांध्याप्रमाणे खोबणीत फिरणारा हा गोळा असतो. आर्मचे दुसरे टोक रबरी बुशांच्या आधारे सांगाड्याला जोडलेले असते. चाक डावी-उजवीकडे वळविणाऱ्या दांड्याला टाय रॉड म्हणतात.

राहिला स्टॅबिलायझर बार. ही एक आडवी पोलादी कांब असून तिची दोन्ही टोके दोन लिंक रॉडांनी दोन्ही बाजूंच्या चाकांकडे जोडलेली असतात. वळणावर गाडी एका अंगाला कलू नये, हे तिचे काम. काही अगदी साध्या गाड्यांत ती नसते. परंतु जेथे असते, तेथे खडखडाटाचे मूळ पुष्कळदा तिच्या लिंकमध्ये सापडते.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरविषयी एक गैरसमज येथेच दूर करावयास हवा. गाडीचा भार तो तोलत नाही; भार स्प्रिंग तोलते. धक्का बसताच स्प्रिंग वर-खाली नाचू लागते. हा नाच थांबविण्यासाठी शॉकच्या नळीतील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि धक्क्याच्या शक्तीचे उष्णतेत रूपांतर होते. म्हणून निकामी शॉकची खरी खूण खडखड नव्हे. गाडी एकदा दचकल्यानंतर पुनःपुन्हा हेलकावे खात राहते, ही ती खूण होय. नळीवर तेलाचा ओघळ दिसला तर संशय दृढ होतो.

प्रथम धोका पाहावा

आवाजाचा शोध घेण्यापूर्वी गाडी चालविणे सुरक्षित आहे की नाही, हे ठरविले पाहिजे. चाकांचे नट ढिले असतील तर चाकाच्या फिरण्याबरोबर लयीत ठकठक होते आणि वेग वाढला की तिची गतीही वाढते. नुकतेच पंक्चर काढले असेल किंवा चाक बदलले असेल, तर पहिला संशय येथेच घ्यावा. गाडी तत्काळ बाजूला थांबवून नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. किती आवळावेत याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाक बदलल्यानंतर पन्नास-शंभर किलोमीटरांनी ते पुन्हा एकदा तपासणे हितावह असते.

दुसरा धोका बॉल जॉइंटचा. त्याचे रबरी आवरण फाटले की पाणी व धूळ आत शिरते, ग्रीस निघून जाते आणि गोळा झिजून खोबणीत सैल होतो. झीज पराकोटीला गेली की गोळा खोबणीतून निसटतो, चाकाचा खालचा आधार सुटतो आणि ते वेडेवाकडे होऊन गाडीखाली दुमडते. मग स्टिअरिंगचा काही उपयोग राहत नाही. टाय रॉडच्या टोकाचा सांधा निसटला तर त्या बाजूचे चाक स्टिअरिंगला जुमानत नाही. तिसरा धोका तुटलेल्या स्प्रिंगचा. तिचे टोकदार अग्र टायरला लागून ते फाटू शकते. कोकण, गोवा किंवा चेन्नईसारख्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी खाऱ्या हवेमुळे चढणाऱ्या गंजाकडे या दृष्टीने विशेष लक्ष द्यावे.

यास्तव नियम असा : खडखडीबरोबर गाडी एका बाजूस ओढू लागली, स्टिअरिंग सैल किंवा भटके वाटू लागले, ब्रेक लावताना चाकापाशी मोठा ठोका बसू लागला, किंवा एखादे चाक डोळ्यांना तिरके दिसू लागले, तर प्रयोग करीत बसू नये. गाडी उभी करावी आणि ती ओढून किंवा वाहून न्यावी. घाटाचा प्रवास योजिला असेल तर तो पुढे ढकलावा.

आधी गाडी रिकामी करा

धोक्याची लक्षणे नसतील तर शोधाला आरंभ करावा. पहिले काम अगदी घरगुती आहे. हातमोज्यांचा खण, दारांचे कप्पे, आसनांखालची जागा आणि मागचा सामानकक्ष रिकामा करावा. पाण्याची बाटली, सुटी नाणी, जॅक आणि पाना यांनी केलेला आवाज पुढच्या चाकातून आल्यासारखा वाटतो, कारण पत्र्यातून ध्वनी दूरवर पसरतो. नंतर बॉनेट दाबून पाहावे, नंबर-प्लेट हलवून पाहावी, चाकावरील प्लॅस्टिकचे अस्तर आणि इंजिनाखालचे आवरण सुटले आहे का तेही पाहावे. सायलेन्सरच्या नळीवरील पातळ पत्रा सुटला, तर उभ्या गाडीतही झणझण ऐकू येते. उभ्या गाडीत इंजिनाबरोबर होणारा असा आवाज सहसा सस्पेन्शनचा नसतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांनीही हे जाणावे. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे पूर्वी दडून राहणारे बारीकसारीक आवाज तेथे स्पष्ट ऐकू येतात. ऐकू येणारा प्रत्येक आवाज बिघाडाचाच असतो असे नाही. मात्र नव्याने सुरू झालेल्या आवाजाचे कारण शोधलेच पाहिजे.

तीन दिशांचे धक्के

चाकावर तीन प्रकारचे जोर येतात : वर-खाली, पुढे-मागे आणि आजूबाजूला. कोणत्या जोराने आवाज निघतो हे कळले, की संशयितांची यादी आपोआप आखूड होते. त्यासाठी रहदारी नसलेला ओळखीचा रस्ता निवडावा, काचा खाली कराव्यात, रेडिओ बंद ठेवावा आणि घरातील एका व्यक्तीस शेजारी बसवून ऐकण्याचे काम द्यावे. चालविणाऱ्याने रस्त्यावरून नजर हलवू नये.

पहिली परीक्षा वर-खाली जोराची. तिचे दोन भाग आहेत आणि त्यांतील फरक फार बोलका आहे. प्रथम ताशी १५ ते २० किलोमीटर वेगाने खडबडीत पट्ट्यावरून जावे, जेथे डावे आणि उजवे चाक आळीपाळीने वर-खाली होते. नंतर रस्त्याच्या पूर्ण रुंदीच्या गतिरोधकावरून तितक्याच सावकाश, सरळ जावे. भारतीय रस्ते महासभेच्या मार्गदर्शक सूत्रांत गोलाकार गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर व उंची १० सेंटिमीटर सांगितली आहे. तो ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने ओलांडता यावा अशी ही योजना आहे. आपल्या गल्लीतला गतिरोधक याहून उग्र असेल तर वेग आणखी कमी ठेवावा.

आता तुलना करावी. दोन्ही चाके एकदम उचलली जातात तेव्हा स्टॅबिलायझर बार नुसता आपल्या बुशांत फिरतो आणि लिंकवर फारसा ताण येत नाही. चाके आळीपाळीने उचलली गेली की बारला पीळ बसतो आणि लिंकचा सैल सांधा टकटक करू लागतो. म्हणून खडबडीत पट्ट्यावर भराभर टकटक आणि गतिरोधकावर मात्र शांतता, असे आढळल्यास लिंक रॉडवर पहिला संशय घ्यावा. उलट, गतिरोधकावरून उतरताना एकच भरीव ठोका ऐकू आला तर स्ट्रटचे वरचे माउंटिंग, त्याचा ढिला नट किंवा दुर्बळ झालेला शॉक यांची तपासणी करावी.

याच खडबडीत पट्ट्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, ब्रेकच्या पायखुंटीवर पाय अगदी हलका टेकवावा. तत्क्षणी खडखड थांबली तर बहुधा ती सस्पेन्शनची नव्हेच. ब्रेकचे पॅड किंवा कॅलिपर आपल्या जागी सैल हालत असतात आणि ब्रेक लागताच दाबले जाऊन मुके होतात. या एका परीक्षेने अनेकांचा मोठा खर्च वाचतो.

दुसरी परीक्षा पुढे-मागे जोराची. मोकळ्या सपाट जागी गाडी चालण्याच्या वेगाने पुढे न्यावी आणि ब्रेक लावावा. मग तशीच मागे नेऊन ब्रेक लावावा. प्रत्येक वेळी एकेकच ‘ठक’ ऐकू आले तर लोअर आर्मचे बुश फाटले असण्याचा संभव आहे, कारण चाक तेवढे पुढे-मागे सरकते. बॉल जॉइंटही येथे बोलतो. मात्र ब्रेक न लावता, केवळ क्लच सोडताना ठोका बसत असेल तर इंजिनाचे माउंटिंग पाहावे.

तिसरी परीक्षा वळणाची. गाडी उभी ठेवून स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. स्प्रिंग ताणून सोडल्यासारखा झणका आला तर स्ट्रटच्या वरचे बेअरिंग अडकत आहे. बॉनेट उघडून साहाय्यकाने माउंटिंगच्या घुमटीवर हळूच हात ठेवला तर तो झटका बोटांना कळतो. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत मात्र बोटे घालू नयेत. नंतर मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश वर्तुळ काढावे. एक्सिलरेटर दाबताच कटकट-कटकट अशी नियमित मालिका सुरू झाली तर दोष चाकाला शक्ती पोहोचविणाऱ्या एक्सलच्या बाहेरील सांध्यात आहे. आणि खराब रस्त्यावरील खडखड पायांपेक्षा हातांना, स्टिअरिंगच्या चक्रातून, अधिक जाणवत असेल तर टाय रॉडची टोके आणि रॅक यांकडे वळावे.

चाक उचलून पाहणे

पुढची तपासणी गॅरेजमध्ये करविणे उत्तम. घरी करावयाचीच असेल तर जमीन सपाट व टणक हवी, हँडब्रेक ओढलेला हवा आणि मागच्या चाकांना पुढून व मागून उटी लावलेली हवी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली अंगाचा कोणताही भाग घालू नये. जॅक घसरण्याचे अपघात प्राणघातक ठरतात. सांगाड्याखाली पक्का स्टँड लावल्यावाचून चाकाला हात लावू नये.

चाक अधांतरी असताना घड्याळातील बारा आणि सहा यांच्या ठिकाणी ते धरून आत-बाहेर हलवावे. ढिलेपणा जाणवला तर साहाय्यकास ब्रेक दाबून धरावयास सांगावे. ब्रेक दाबताच ढिलेपणा नाहीसा झाला, तर तो चाकाच्या बेअरिंगमधील होता. तसाच राहिला, तर तो बॉल जॉइंटमध्ये किंवा स्ट्रटच्या जोडांत आहे. मग नऊ आणि तीन यांच्या ठिकाणी धरून हलवावे. बेअरिंग निर्दोष असूनही येथे हालचाल आढळली, तर ती टाय रॉडच्या सांध्याची समजावी. लिंक रॉडची गोष्ट थोडी निराळी आहे. एकच चाक उचलले तर बारला पीळ पडून लिंक ताणलेली राहते आणि सैल सांधाही घट्ट भासतो. म्हणून कुशल मिस्त्री दोन्ही चाके एकाच पातळीवर ठेवून लिंक हाताने हलवून पाहतो. तरीही शंका राहिली तर तो दोन्ही लिंक तात्पुरत्या सोडवून, गाडी अगदी सावकाश थोडे अंतर चालवून पाहतो. आवाज गेला तर गुन्हेगार सापडला. हा प्रयोग त्याच्यावरच सोपवावा, कारण लिंक सुटलेली गाडी वळणावर अधिक कलते.

मिस्त्रीशी कसे बोलावे?

‘पुढून आवाज येतो, बघा’ एवढेच सांगून किल्ली हाती दिली, तर मिस्त्रीला अंदाजच करावा लागतो. त्याऐवजी एका चिठ्ठीवर लिहावे : आवाज कोणत्या प्रकारचा, किती वेगाला, कोणत्या रस्त्यावर, ब्रेक टेकवल्यावर थांबतो की नाही, सकाळी थंड गाडीत अधिक की दुपारी, आणि आवाज सुरू होण्यापूर्वी गाडीचे कोणते काम झाले होते. शेवटची ओळ महत्त्वाची आहे. नुकतेच काम झालेल्या गाडीत नव्या भागापेक्षा न आवळलेला बोल्टच पुष्कळदा सापडतो. म्हणून भाग बदलण्यापूर्वी सर्व जोड योग्य जोराने आवळून पाहावे, अशी विनंती करावी आणि मिस्त्रीला शेजारी बसवून तो आवाज प्रत्यक्ष ऐकवावा.

दुरुस्तीच्या वेळी तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. शॉक अ‍ॅब्सॉर्बर एका धुरीवर जोडीनेच बदलावेत, अन्यथा दोन चाके निरनिराळ्या रीतीने वागू लागतात. लोअर आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचा भार चाकांवर असावा. चाक लोंबकळत असताना ते आवळले तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुशही लवकर फाटतो. अल्पावधीत आवाज परत येण्याचे हे एक वारंवार दिसणारे कारण आहे. तिसरी गोष्ट, आर्म, स्ट्रट किंवा टाय रॉड यांना हात लागल्यास चाकांची सरळ रेषा, म्हणजे अलाइनमेंट, पुन्हा तपासून घ्यावी. नाहीतर टायर एका बाजूने झिजतात. काढलेला जुना भाग मागून घेऊन हाताने हलवून पाहावा. त्याचा सांधा खरोखरच सैल आहे की नाही, हे सामान्य माणसालाही कळते.

पावसाळ्यानंतर एकदा चाकांजवळ वाकून रबरी आवरणे पाहण्याचा प्रघात प्रत्येक कुटुंबाने ठेवावा. मध्य प्रदेशातील मुरमाची वाट असो, दख्खनचा डांबरी रस्ता असो की बंगालमधील चिखल. फाटलेल्या आवरणातून आत गेलेले पाणी सर्वत्र एकाच रीतीने सांधा खाते. आवरण फाटल्याचे वेळीच दिसले तर भाग बदलण्याची तारीख आपण ठरवितो. दिसले नाही तर ती रस्ता ठरवितो, आणि तेव्हा मागच्या आसनावर आपली मुले बसलेली असतात.

दुरुस्ती झाल्यावर गाडी ताब्यात घेण्यापूर्वी तोच रस्ता, तोच वेग आणि शक्य तर तेवढीच माणसे घेऊन ती पुन्हा चालवून पाहावी. आवाज गेला असेल तर चिठ्ठीवर दिनांक, किलोमीटरचा आकडा आणि बदललेल्या भागाचे नाव लिहून ती गाडीच्या पुस्तिकेत ठेवावी. पुढील वर्षी तशीच टकटक कानी पडली, तर शोध कोठून सुरू करावयाचा हे त्या कागदावर लिहिलेले असेल.